पत्र्याच्या आतलं नाव

माझे सासरे ओडिलोन यांनी बायकोला एकच वचन दिलं आणि ते सत्तेचाळीस वर्षं लांबलं. दोष त्यांचा नव्हता, अटोमियमचा होता.

अठ्ठावन्न साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी अटोमियमचे ते नऊ प्रचंड गोळे उभे राहिले, तेव्हा सासरे त्यांवर ॲल्युमिनियमचे तिकोनी पत्रे बसवत होते. प्रदर्शन सहा महिन्यांचं, मग सगळं मोडणार, असं साहेबापासून हमालापर्यंत जो तो धरून चालला होता. त्या भरवशावर त्यांनी एका पत्र्याच्या आतल्या बाजूला खिळ्यानं 'गोदेलीव्ह' हे माझ्या सासूबाईंचं नाव कोरलं आणि तिला सांगितलं, "उतरवला की तुझ्या स्वयंपाकघरात लावतो." तिनं तेवढ्यावर लग्न केलं.

पण लोकांचा जीव जडला आणि गोळे राहिले. आमच्या खिडकीतून ते दिसायचे. रविवारी शिंपल्यांचं पातेलं टेबलावर ठेवताना सासूबाई हमखास विचारायच्या, "माझा पत्रा वरच आहे ना रे? का दिलास दुसरीला?" ते नुसते हसायचे. त्या घरातली ती थट्टा मला फार आवडायची, आजही आठवते.

दोन हजार पाच साली जुने पत्रे उतरवून लोकांना विकायला काढले. तोवर सासूबाईंची नजर पार गेली होती. सासरे आणि मी गेलो. ते म्हणाले, "एकेक उलटून बघतो." विक्रीवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, निवडून घ्यायला हे काय बटाटे आहेत?" मिळाला तो घेऊन आलो. आतून कोरा होता.

दुपारभर तळघरातून खिळ्याचा आवाज येत होता. मी वरून हाक मारली, तर म्हणाले, "तू काही ऐकलं नाहीस."

संध्याकाळी त्यांनी पत्रा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. "घे, तुझा."

सासूबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "ओडिलोन, एवढ्या वर्षांत धार गेली नाही रे? बोटाला चावतंय."

सासऱ्यांची मान खाली गेली. "तो नाही सापडला गं."

"मग असेल कुणाच्या तरी भिंतीवर, माझं नाव पोटात घेऊन." त्यांनी पत्रा पुढे सरकवला. "हा शेगडीजवळ लाव. उलटा. माझा हात पोचेल असा."

येताजाता त्या त्यावरून बोट फिरवायच्या. सहा वर्षांनी त्या गेल्या, तेव्हा त्या अक्षरांना धार उरली नव्हती.