भिंतीकडे तोंड करून

प्रार्थना एकट्याने करावी लागली की किस्से मात्र घोळक्याने जमतात! आम्ही पेणचे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मला जळगावात ओव्हरसियरची नोकरी लागली. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, दूरच, गावात दुसरा ज्यूही माझ्या ऐकिवात नव्हता. निघताना बाबा म्हणाले, "तिथे तुझ्या प्रार्थनेला आमेन कोण म्हणणार? वर्षभरात सोडशील. त्यापेक्षा बदली माग!" मीही हट्टी. म्हटलं, सोडतो का ते बघाच!

* * *

आम्ही जेरुसलेमकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करतो. दुपारी कचेरीच्या खिडकीशी मी रोज तसा उभा राही. एक दिवस शिपाई लक्ष्मण हळूच म्हणाला, "सायेब, बदलीनं काय व्हयनं?" कचेरीभर बातमी होती, साहेब रोज मुंबईकडे तोंड करून बदली मागतात!

* * *

रावेरहून ठेकेदार केळी घेऊन आला. मी एक सोललं आणि खाण्याआधी डोळे मिटून आशीर्वाद म्हणू लागलो. एकट्याने म्हणायला नवखा होतो, अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ठेकेदार कळवळला, "आटपा भाऊ, केळं काळं पडेल!"

* * *

जळगावातल्या मेहरूणला माझ्या शेजारी जैन अक्का राहत. सूर्य बुडायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार! आमचा शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवाही शुक्रवारी सूर्यास्ताआधी लागावा लागतो. एकदा मी चहा पीत रेंगाळलो, तर अक्का दारात. "भाऊ, माझं जेवण झालं. तुमच्या देवाला अंधारात बसवता का?" तेव्हापासून शुक्रवारी मला घड्याळ लागलं नाही.

* * *

पश्चिमेच्या भिंतीपलीकडे रहीमचाचा शिंपी. प्रार्थनेची टोपी त्यांनीच शिवून दिली. म्हणाले, "माझ्याच भिंतीकडे तोंड करता ना? मग जरा जोरात म्हणा. इतकं हळू बोलता, देवाला कान लावावा लागतो!"

* * *

वर्ष सरलं आणि बाबा परीक्षा घ्यायला आले. तोही शुक्रवार! गाडी चाळीसगावला अडकली. मी दुपारपासून स्टेशनवर; ते जळगावात उतरले तेव्हा सूर्य बुडालेला. शब्बाथ लागला की वाहन आणि विस्तव वर्ज्य, म्हणून टांग्यात बसेनात. मेहरूणपर्यंत पायी आलो. दिवा राहिला, आता लावताही येणार नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं.

दार उघडं होतं. आत दिवा तेवत होता, वर किडे पडू नयेत म्हणून जाळी झाकलेली. अक्का म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे होतीच. दिवा लावला. मंत्र मला येत नाहीत, ते तुमचे तुम्ही म्हणा!"

बाबांनी टोपी घातली, पश्चिम विचारली आणि पेणच्या सिनेगॉगमध्ये म्हणत तशी खड्या आवाजात प्रार्थना म्हटली. ती संपली आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "आमीन!"

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि पुढची प्रार्थना आणखी मोठ्याने सुरू केली.