थंड चूल

माझा स्वभाव मुळातच संशयी. अकोल्याच्या कचेरीत निर्वासितांच्या मोफत धान्याची कार्डं तपासायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा साहेबांनी माणूस बरोबर हेरला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं गावाबाहेरच्या छावणीत राहत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मातीत खपायचं आणि यांना फुकट गहू, हे मला मनातून खुपत असे. प्रत्येक जण काहीतरी लपवतोय असं धरूनच मी छावणीत शिरायचो.

एका विधवेचं कार्ड तपासायचं होतं. निराधार, एकट्या बाईला धान्य मिळे. दिराच्या घरी जेवत असेल तर नाही. हिचा दीर शेजारच्याच खोलीत. ती म्हणे, आम्ही वेगळे. आमच्या वऱ्हाडात वेगळं होणं म्हणजे चूल वेगळी. म्हणून भर दुपारी, न कळवता गेलो आणि आधी चुलीत हात घातला.

"साहेब, चूल तं थंडी हाय," बरोबरचा चपराशी म्हणाला. "राख बी नाई. बाई उल्लू बनवून राह्यली तुमाले."

बाईने मला खाटेवर बसवलं, बाहेर गेली आणि पाण्याबरोबर गरम भाजलेला पापड घेऊन आली. पाहुण्याला असं देण्याची त्यांच्यात रीत. मी पापड खाल्ला, आणि खाताखाताच मनात म्हटलं, सापडली! घरात विस्तव नाही, मग हा भाजला कुठे? दिराकडेच. कचेरीत येऊन लिहिलं, 'दिराकडे जेवते.' कार्ड रद्द झालं. त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

दोनेक महिन्यांनी दुसऱ्या एका तपासणीला सकाळीच गेलो. खोल्यांच्या मागे मातीची मोठी भट्टी पेटलेली. बायका आपापली कणीक घेऊन रांगेत, आणि भट्टीशी ती विधवा, घामाघूम, रोट्या लावत होती. रांगेतल्या एका म्हातारीला विचारलं, घरी का नाही करत?

"लकडी कहां है, बाबू? सबका एक ही तंदूर." मग विधवेकडे बोट करून म्हणाली, "ये भी अपना आटा लाती थी. राशन बंद हुआ. अब सबकी रोटी सेंकती है, घर-घर से एक-एक मिल जाती है."

पापडही त्याच निखाऱ्यांवर भाजला होता. मला माझीच किळस आली.

रिपोर्ट फिरवला. "तेव्हा डोळे फुटले होते का?" साहेब ओरडले, ते रास्तच होतं. कार्ड पुन्हा मिळायला उन्हाळा उजाडला. ते द्यायला मी स्वतः गेलो.

तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. खाटेवर बसवलं, पाणी दिलं. पाणी संपलं तरी मी रिकामा पेला धरून बसून राहिलो. दारातून तंदूरचा धूर दिसत होता. पापड आला नाही.