बायांची खोली

माझा राग नाकावर असतो, असं घरचे म्हणतात. असेल. पण माझं कामच असं आहे की राग नसेल तर ते धड होत नाही. मी उभ्या असलेल्या इमारती कॉम्प्युटरमध्ये पुन्हा बांधते. दवाखाने, शाळा, जिनिंगचे कारखाने, सगळं जुनं. लोक विचारतात, "बिल्डिंग उभी हाय ना, मंग आता तिचा नकाशा काढून काय करतं?" अहो, तुमची बिल्डिंग एक सांगते आणि तिचा नकाशा भलतंच. नकाशात दार असतं तिथं भिंत निघते, भिंत असते तिथं कोणीतरी खिडकी फोडलेली असते. पन्नास-साठ वर्षांत ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं आणि कागदावर कोणीच लिहिलं नाही. आता तिथं लिफ्ट बसवायची, ऑक्सिजनचे पाइप फिरवायचे, तर आधी आहे काय ते कळायला नको?

काम असं असतं. तिपाईवर स्कॅनर ठेवायचा. तो स्वतःभोवती फिरतो आणि भिंत, छत, खांब, जे समोर येईल ते लेझरनं मोजत सुटतो. लाखो बिंदू गोळा होतात. तिपाई उचलायची, पुढच्या खोलीत जायचं, परत तेच. मग ते बिंदू एकमेकांना जोडून त्यांच्यावर एकेक भिंत, एकेक दार चढवत इमारतीचं मॉडेल उभं करायचं. हे उभं करण्याचं काम पुण्याच्या ऑफिसात चालतं. मी अमरावतीत राहते, वऱ्हाडातली मोजणी माझ्याकडे, आणि तयार मॉडेल जागेशी ताडून पाहून 'तपासले' म्हणून सही करायची तीही माझ्याकडे. या धंद्यात नियम एकच आहे. जे आहे ते दाखवा. असायला पाहिजे होतं ते नाही, साहेबाला बरं वाटेल ते नाही. जे आहे ते.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यात अकोल्याच्या एका जुन्या दवाखान्याचं काम आलं. एका ट्रस्टचा दवाखाना. नाव सांगत नाही, आणि सांगून काही फरकही पडणार नाही. तीन मजले, मागं जोडलेला एक भाग, त्याच्या मागं पत्र्याचा आणखी एक. रोज सकाळी अमरावतीहून एसटी धरायची, स्कॅनरची पेटी मांडीवर. पहिल्या दिवशी कंडक्टरनं विचारलं, "काय ताई, शिलाई मशीन हाय का?" म्हटलं, "हो ना भाऊ, बिल्डिंगा शिवतो मी." मूर्तिजापूर येईपर्यंत तो माझ्याकडे संशयानं पाहत होता.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली, दोन दिवस आधीच. बाहेर अकोल्याचं ऊन, आत दवाखान्याची ती कोंदट हवा आणि पोटात कळा. स्टाफच्या बाथरूमला कुलूप, किल्ली सिस्टरकडे, सिस्टर ऑपरेशनमध्ये. पेशंटच्या संडासात पाण्याचा पत्ता नाही. साइटवर काम करणाऱ्या बाईला ही गोष्ट कोणी विचारत नाही. हेल्मेट देतात, बूट देतात, ओळखपत्र गळ्यात अडकवतात, पण बाई, तू जाशील कुठं, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी मोठ्या जिन्यापाशी भिंतीला टेकून उभी राहिले. कोणाला काय सांगणार होते?

"काहून उभी हायस वं पोरी अशी भिताडाले टेकून?"

झाडू हातात, साडीवर दवाखान्याचा हिरवा कोट, पन्नाशीच्या पुढची एक बाई. तिथल्या सगळ्या सफाईवाल्या बाया तिला मावशी म्हणायच्या, मग मीही म्हणू लागले. तिनं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पुढचं काही विचारलंच नाही. जिन्याखालचं एक दार ढकललं. त्या दाराला भिंतीचाच ऑइलपेंट फासलेला होता, त्यामुळे दोन दिवसांत मी त्याच्यासमोरून दहा वेळा गेले असेन आणि मला ते दिसलं नव्हतं. भिंतीतला एका सेंटिमीटरचा फरक पकडणारी मी! मला माझीच लाज वाटली.

आत तिरपं छत, म्हणजे वरच्या जिन्याच्या पायऱ्यांची उलटी बाजू. उंच बाजूला उभं राहता येईल, बुटक्या बाजूला वाकावं लागेल. मागच्या अंगणाकडे एक लहान खिडकी, तिच्यावर ओलं फडकं. खिळ्यांना साड्या, पिशव्या, डबे. कोपऱ्यात माठ. एक आरसा. मावशीनं बादलीभर पाणी आणून दिलं, दोरीवरची साडी पडद्यासारखी ओढली आणि पाठ करून उभी राहिली. "आपलंच घर समज," म्हणाली. मला रडू आलं. उन्हानं असेल, पाळीनं असेल, पण आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मग चटईवर पडल्यापडल्या तिनं सांगितलं ते ऐकलं. पूर्वी त्या बाया धुणीघरामागं, दोन कपाटांच्या आडोशाला साड्या बदलायच्या. कोणी येत नाही ना, हे पाहायला एकीनं उभं राहायचं. डबा खायचा पायऱ्यांवर, तर वॉर्डबॉय हाकलायचे. जिन्याखाली मोडक्या खाटा आणि सलाइनच्या बाटल्यांचा ढीग होता. "आमी पाच-सहा जणींनी एका दिवाळीत तो उपसला," मावशी म्हणाली. "चुना बी आमीच मारला. कोणाले इचारलं नाई. इचारलं असतं त नाईच म्हनले असते." तेव्हापासून बारा-तेरा जणी तिथं साडी बदलतात, जेवतात, घटकाभर पाय लांब करतात. दवाखान्यात त्यांची म्हणावी अशी तेवढी एकच जागा.

बरं वाटल्यावर मी स्कॅनर आत आणला. माणसं मध्ये आली की मोजणी बिघडते, म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. "आमाले बी येऊ दे ना फोटोत," एक जण म्हणाली. "फोटो नाही वं, माप हाय." "मंग माह्यं बी माप घे, ब्लाउज शिवाचं हाय." हसून हसून पोट आणखी दुखलं. संध्याकाळी बिंदू तपासताना दिसलं की आरशानं घोळ घातला होता. लेझरला आरसा म्हणजे उघडं दार वाटतं, आणि तो आरशाच्या मागं एक खोटी खोली मोजून ठेवतो. ती खोटी खोली मी बिंदू-बिंदू निवडून पुसली. आणि नोंदीच्या कागदावर खऱ्या खोलीपुढं लिहिलं, 'बायांची खोली'.

तीन आठवड्यांनी पुण्याहून मॉडेल आलं. उघडून पाहते तर मावशीच्या खोलीत दोन कमोड आणि एक वॉशबेसिन! तिरप्या छताखाली, जिथं माणसाला नीट बसता येत नाही, तिथं. पुण्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बायांची लिहिलं होतं ना? बाया म्हणजे लेडीज. आमच्या लिस्टमध्ये लेडीज म्हणून लेडीज टॉयलेटच आहे." मी आधी हसले. मग फोन ठेवल्यावर हसू गेलं. बाईसाठी त्यांच्या यादीत तेवढी एकच जागा होती! दुरुस्त कर म्हणून सांगितलं, पण तोवर मॉडेल पाइपवाल्या डिझायनरकडे आणि दवाखान्याच्या इंजिनिअर साहेबांकडे जाऊन पोचलं होतं.

अकोल्यात मीटिंग लागली. भिंतीवर मॉडेल, एका कोपऱ्यात पुण्याचे आमचे साहेब स्क्रीनवर, शेजारी डिझायनर, समोर इंजिनिअर साहेब. वयानं मोठे, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ट्रस्टकडे आलेले. जिन्यापाशी आल्यावर ते थांबले. "इथं संडास? इथं कधीच संडास नव्हता." सगळे हसले. "जिन्याखाली काहीच नाही. मोकळी जागा. शाफ्ट दाखवा आणि सगळे पाइप तिथूनच वर घ्या. सोयीचं पडेल." डिझायनर म्हणाला, उत्तम. आमचे साहेब म्हणाले, डन.

बस्स. एवढ्या वेळात खोली गेली. शाफ्ट म्हणजे पाइपांसाठी विटांनी बंद केलेली पोकळी. जिथं मला कोणीतरी पाठ करून आडोसा दिला होता, तिथं आता पाइप उभे राहणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, तिथं खोली आहे," मी म्हटलं.

"नंबर सांगा."

"काय?"

"या दवाखान्यात प्रत्येक खोलीला नंबर आहे. एक ते चौसष्ट. दारावर पिवळ्या रंगात लिहिलेला. तुमच्या खोलीचा सांगा."

नंबर नव्हता. इंजिनिअर साहेब खुर्चीत मागं रेलले. स्क्रीनवरून आमचे साहेब म्हणाले, "हे बघा, आपण मोजणारी माणसं. आपण मत द्यायचं नाही."

"मत तुम्ही देऊन राहिले," माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघालं, "मी माप देऊन राहिली. आरशात दिसलेली खोली होती ती मीच पुसली, कारण ती नव्हती. ही आहे. हिला दार आहे, खिडकी आहे, आत खिळे आहेत, खिळ्यांना साड्या आहेत. पुसू कशी?"

"मग सही दुसरं कोणी करेल," आमचे साहेब म्हणाले.

"कोण? जो तिथं कधी गेला नाही, तो?"

"परतवाड्याचं पुढचं काम तुमच्याकडे द्यायचं ठरत होतं," ते थंडपणे म्हणाले.

"नका देऊ."

घरी जाऊन काय सांगायचं, हे मनात येऊन गेलं. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. शेवटी इंजिनिअर साहेबांनीच हात हलवला. "वाद नको. उद्या अकराला मी स्वतः पाहतो. नंबर असेल तर खोली, नसेल तर शाफ्ट. विषय संपला." त्यांना वाटलं, त्यांनी दार बंद केलं.

मी सरळ जिन्याखाली गेले आणि बायांना सगळं सांगितलं. एक जण म्हणाली, सगळ्या जणी उद्या झाडू खाली ठेवू. दुसरी म्हणाली, ठेवू आणि नोकरी घालवू. मावशी मात्र माझ्याकडे पाहत होती.

"काय म्हने तो? नंबर असन त खोली?"

"हो."

"एवढंच म्हने?"

"एवढंच."

तिनं वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "जाय तू. तुही गाडी जाईन."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पोचले. जिन्याखालच्या दारावर पिवळ्या ऑइलपेंटनं '६५' लिहिलेलं होतं. सहाचं पोट जरा जास्तच फुगलेलं, पण बाकी त्या चौसष्ट नंबरांसारखंच. मी काही विचारलं नाही. स्कॅनर लावला, दार मोजलं, आकड्याचा फोटो काढला, फाइलवर वेळ आपोआप पडली. कोणी म्हणेल ही लबाडी आहे. मग ते चौसष्ट नंबर काय आभाळातून पडले होते? तेही कोणीतरी ब्रश घेऊन लिहिलेलेच. तिथं लिहायला सांगणारे साहेब होते, इथं बाया होत्या, फरक तेवढाच. माझा नियम मला पाठ आहे. जे आहे ते दाखवा. आता नंबर होता.

पाइप पुढं पलीकडच्या भिंतीतून वर गेले. डिझायनरला दोन वळणं जास्त घ्यावी लागली, त्यानं कुरकुर केली, मी ऐकून घेतली नाही. परतवाड्याचं काम मला मिळालं नाही. मॉडेलवर सही माझी आहे. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी अकराला इंजिनिअर साहेब आले. जिन्यापुढच्या बोळीत बाया झाडू मारत होत्या, एवढ्याशा बोळीला एकदम आठ-नऊ झाडू. साहेब दारासमोर उभे राहिले. आकड्यावर बोट टेकवलं, तर बोट पिवळं झालं.

"हे कधी लिहिलं?"

"लिवलेलंच होतं, सायेब," मावशी झाडू न थांबवता म्हणाली. "तुमी कधी इकडं पाह्यलंच नाई."

साहेबांनी रुमाल काढून बोट पुसलं. रागानं दार ढकललं आणि आतून एकदम ओरड आली, "अवं माय! कोन हाय? साडी बदलून राहिली ना मी!"

साहेबांनी झटकन दार ओढून घेतलं. कानापर्यंत लाल झाले. बोळीतले सगळे झाडू थांबले.

"वाजवून जा लागते, सायेब," मावशी म्हणाली. "खोली हाय ते."