खाली ठेवलेला पहिला पेला

आखाती मुलखातल्या मुऐदरच्या त्या मजलिसीत, पाहुण्यांच्या बैठकीत, संध्याकाळच्या नमाजानंतर माणसं जमली, की राजाभाऊ ढिकले आत येत. नुसते येत नसत, प्रवेश करत! डाव्या हातात लांब चोचीची पितळी कॉफीची किटली, म्हणजे दल्ला, उजव्या तळव्यात एकात एक बसवलेले बिनकानाचे इवलेसे पेले, पांढराशुभ्र झगा आणि चाल अशी, की गालिच्यालाही पाऊल कळू नये. चोवीस वर्षांपूर्वी सिन्नरहून हा माणूस इथे भांडी घासायला आला होता. आता कॉफी वाढण्याचा मान त्यांचा होता.

मजलिस अबू जैद यांची. वय ऐंशीच्या घरात. देशाच्या अमिरांच्या वतीनं त्या भागातल्या लोकांच्या सुखदुःखाला जाणं, हे त्यांचं काम. कुणाचं लग्न, कुणाची मयत, शाळेचं उद्घाटन, शंभरी गाठलेली एखादी आजी. अमीर कुठे कुठे पुरणार? मग त्यांचा सलाम घेऊन अबू जैद जात आणि मागच्या गाडीत दल्ला सांभाळत राजाभाऊ. दारात उभा राहून तो म्हातारा घरातल्या लहानथोरांची नावं घेऊन चौकशी करू लागला, की राजाभाऊंच्या अंगावर अजूनही काटा येई. एका माणसाच्या तोंडून सगळं राज्य विचारतंय, बरे आहात ना!

मजलिसीच्या रीती राजाभाऊंच्या अंगात मुरलेल्या. पहिला पेला वाढणाऱ्यानं स्वतः प्यायचा; कॉफीत काही काळंबेरं नाही, याची ती ग्वाही. तो प्यायल्याशिवाय पाहुण्यांना थेंबही नाही. आणि ज्याला यजमानाकडे काही मागायचं असेल, त्यानं आपला भरला पेला तोंडाला न लावता समोर ठेवायचा. "पी, तुझं काम झालं," असं यजमानानं म्हटल्यावरच उचलायचा. असे पेले राजाभाऊंनी शेकडो पाहिले होते. पण मागणारे सगळे बसलेले असत. उभ्या माणसानं मागायचं नसतं.

त्या मंगळवारी दुपारी ते फरीज बिन ओमरान या वस्तीत भैरवीवहिनींकडे गेले. वहिनींचे पती प्रताप सोनावणे, नाशिकचे इंजिनिअर, महिन्यापूर्वी झोपेतच गेले होते. अंत्यसंस्कार नाशिकला झाले. आता मायलेकी घर आवरायला परत आल्या होत्या. शुक्रवारचं विमान होतं.

"खोक्यावरच बसा राजाभाऊ, खुर्च्या गेल्या," वहिनी म्हणाल्या. "चहा टाकते. साखर कुठल्या खोक्यात गेली ते मात्र विचारू नका."

"चहा राहू द्या. कुणी येऊन गेलं?"

उत्तर ओवीनं दिलं. सोळा वर्षांची पोर. मराठी सगळं कळे, बोले इंग्रजीत. "नोबडी, काका. बाबा वर्क्ड हिअर ट्वेंटी टू इयर्स. नोबडी हिअर इव्हन नोज ही डाइड."

"अगं, फोन आले की सगळ्यांचे. बरोबरचे लोक कॉन्ट्रॅक्ट संपून गेले, ते तरी काय करणार?"

"फोन्स, आई," एवढंच म्हणून ओवीनं खोक्याला चिकटपट्टी लावली.

राजाभाऊंनी चिकटपट्टीचं दुसरं टोक धरलं. मुऐदरच्या गल्लीत पूर्वी पाऊस झाला की पाणी थेट मजलिसीच्या पायरीला लागे. तिथलं गटार प्रतापरावांनी उन्हात उभं राहून करून घेतलं होतं. राजाभाऊ त्यांना मागच्या दारानं कॉफी नेऊन देत, तीच ओळख. आणि ही पोर काय समजून विमानात बसणार होती?

संध्याकाळी मजलिस भरली. राजाभाऊंनी पहिला पेला भरला. ओठांपर्यंत नेला. आणि वाकून अबू जैद यांच्या पुढ्यात गालिच्यावर ठेवला.

वीस माणसं, वीस कोरडे घसे.

"राजा, डोकं फिरलं का?" सेक्रेटरी रिफत दबक्या आवाजात ओरडला. "यल्ला, चल, उचल तो!"

या क्षणी चोवीस वर्षांचा मान जाऊ शकत होता, हे राजाभाऊंना ठाऊक होतं.

अबू जैद यांनी पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "माझ्या कॉफीत आज विष आहे का रे?"

"नाही, मालक. मागणं आहे."

राजाभाऊंनी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. कोण गेला, कधी गेला, मुलगी काय म्हणाली.

"पिवळ्या हेल्मेटखाली ओला टॉवेल टाकायचा, तो?" अबू जैद म्हणाले. "महिना झाला? आणि मला आज कळतंय, तेही कॉफीवाल्याकडून?"

"तो राहायला आपल्या भागात नव्हता," रिफत चाचरला.

"पाणी कुणाच्या पायरीवरून गेलं? मग तो माझ्याच भागातला." म्हाताऱ्यानं स्वतः पेला उचलून राजाभाऊंच्या हातात दिला. "पी राजा. तुझं काम झालं."

गुरुवारी राजाभाऊंना आपल्याच गाडीत घेऊन अबू जैद यांनी विचारलं, "तुमच्यात अशा घरी काय रीत?"

"बसायचं. निघताना निरोप घ्यायचा नाही. 'येतो' म्हणायचं नाही. नुसतं उठून जायचं."

अबू जैद यांच्या भुवया वर गेल्या. त्यांचा निरोप म्हणजे आशीर्वादांची अशी लांबण, की ऐकणाऱ्याचे पाय दुखावेत!

तीन जिने ते थांबत थांबत चढले. दार ओवीनं उघडलं. समोर सोनेरी काठाचा काळा झगा. अमिरांच्या नावानं जायचं असेल तेव्हाच अबू जैद तो अंगावर घेत. ते खोक्यावर बसले आणि बोलू लागले. राजाभाऊ मराठीत सांगत गेले:

"अमिरांच्या वतीनं आलोय, म्हणतात. तुझ्या वडिलांनी आमच्या गल्लीतून पाणी काढून दिलं. त्यानंतर सात पावसाळी दिवस आले, ते मी मोजलेत. पायरी कोरडी होती."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. ओवी खाली बसली, अगदी त्या खोक्यापाशी, आणि बराच वेळ म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

मग अबू जैद काठीवर भार देऊन उठले. सवयीनं हात छातीवर गेला, ओठ हलले. आणि त्यांनी ते घट्ट मिटले. रिफत दारात निरोपाचं काही म्हणू पाहत होता, त्याला त्यांनी नजरेनं थांबवलं. अमिरांचा सलाम घरोघर बोलून दाखवणारा तो माणूस एक शब्द न बोलता, मागे वळून न पाहता जिना उतरू लागला. ओवी कठड्याला धरून उभी होती. काठीचा आवाज खालच्या दारापर्यंत ऐकत.