करवलीची रजा

वॉर्डातल्या रजिस्टरात सगळं लिहिलेलं असतं. कुणाला किती ताप, कुणाचं सलाईन कधी संपलं, कुणी जेवणाचं ताट परत पाठवलं. सांगण्यासारखं जे घडतं ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. ते जेवणाचे डबे उघडले की बाहेर येतं, आणि माझ्याकडं तर बावीस वर्षांचं साठलंय. सध्या आमच्याकडं प्रज्ञाच्या लग्नाचे किस्से चालू आहेत, तेच सांगते.

प्रज्ञा आमच्या फीमेल वॉर्डातली सगळ्यात धाकटी सिस्टर. हर्सूलची. दोन भाऊ आहेत, बहीण नाही, आणि आई ती नर्सिंग शिकत असतानाच गेली. लग्न ठरलं गंगापूरच्या मुलाशी. पेढे वाटून झाल्यावर तिनं आम्हा तिघींना ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं. मी, शबाना आणि चितेगावहून ये-जा करणारी ज्योती.

"ताई, स्टेजवर माझ्यामागं उभं राहायला कुणीच नाय," ती म्हणाली. "तुमी तिघी करवल्या व्हा."

"अगं, करवली म्हणजे लहान पोरगी लागते. माझा मुलगा बारावीला आहे."

"मग मोठ्या करवल्या व्हा."

हसत हसत बोलत होती, पण हातातला कापूस तिनं पार पिंजून टाकला होता. मला नाही म्हणवलं नाही.

*

कपड्यांचं पहिल्याच दिवशी ठरलं. "आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असती," प्रज्ञानं सांगून टाकलं, "तुमी पांढरं सोडून काय बी घ्या." रोज आठ तास पांढऱ्यात वावरणाऱ्या बायकांना हे सांगायची गरजच नव्हती.

शबानानं पिस्ता रंगाच्या कापडाचा तुकडा आणला. ज्योती म्हणाली, लई पातळ आहे, आरपार दिसेल. ट्यूबलाईटखाली काही कळेना. मग शबानानं तो एक्स-रे बघायच्या बॉक्सवर अडकवला आणि लाईट लावला. आम्ही तिघी माना वाकड्या करून बघतोय, तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी चष्मा सरळ केला, जवळ जाऊन अर्धा मिनिट नीट पाहिलं आणि म्हणाले, "क्लिअर आहे. यात काही निघालं नाही."

चार नंबरच्या आजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "निघंल कसं डागदर? लग्नाचं कापड हाय ते, काठ बी नाय त्याला."

*

आता रजेचं. आमच्या इन्चार्ज जोशी सिस्टर. एकट्या राहतात, दोन वर्षांनी रिटायर होतील, आणि त्यांनी रजा घेतलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. वॉर्डात त्यांची लाल शाई प्रसिद्ध आहे. अर्जावर 'वैयक्तिक कारण' लिहिलं की अर्ज परत. एकदा मी 'डोके दुखते' लिहिलं होतं, तर खाली लाल शाईत आलं, 'कोणती बाजू?'

आम्ही तिघींनी अर्ज केले. कारण, 'करवली म्हणून जाणे.' दुसऱ्या दिवशी तिन्ही अर्ज परत. 'करवली कुटुंबातील असते. नवरीशी नाते काय? खुलासा करावा.'

मी खुलासा लिहिला पानभर. ज्योतीनं दीड पान लिहिलं, त्यात चितेगावच्या रस्त्याचा त्रासही घातला. शबानानं एकच शब्द लिहिला, 'बहीण.'

जोशी सिस्टरांनी तो बराच वेळ वाचला. एका शब्दाला लागतो त्यापेक्षा जास्तच वेळ लावला. मग तिन्ही अर्जांवर सह्या केल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळचा वॉर्ड मी बघते. मला काही लग्नाची हौस नाही. गर्दीत माझं डोकं दुखतं."

कोणती बाजू, हे विचारायची हिंमत कुणालाच झाली नाही.

*

अन्वरमामू गेली वीस वर्षं आमचे युनिफॉर्म शिवतात. अनारकली शिवायला त्यांच्याकडंच टाकले, कारण मापं त्यांच्याकडं होती. ड्रेस आले, फिटिंग एकदम झकास, घेरही छान. फक्त तिन्ही ड्रेसला दोन्ही बाजूंना मोठे खिसे, छातीवर डावीकडं एक छोटा खिसा आणि त्याला पेन अडकवायची पट्टी.

शबाना त्यांच्यावर उखडली. "मामू, शादी का कपड़ा है. जेब कायको?"

मामू शांतपणे म्हणाले, "सिस्टर लोगां हो ना? थर्मामीटर कहाँ रखते?"

उसवायला वेळ नव्हता. तसेच घालून गेलो.

*

दुकानात पिस्ता वाटलेला रंग हॉलच्या उजेडात थेट ऑपरेशन थिएटरचा हिरवा निघाला. पेनाच्या पट्टीसकट आम्ही तिघी स्टेजवर प्रज्ञाच्या मागं उभ्या. पंचशील झालं, हार घातले गेले, आमच्या खिशांतून फुलांच्या पाकळ्या वाटल्या गेल्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग नवऱ्या मुलाचे काका स्टेजवर आले, आहेर दिला आणि ज्योतीसमोर मनगट धरलं. "बाई, जरा नाडी बघता का? सकाळधरनं धडधडतंय." ज्योतीनं सवयीनं बघितली. तिथंच चुकलं. पाच मिनिटांत आहेराच्या दोन रांगा झाल्या, एक नवरानवरीला आणि एक आम्हाला. जेवायला बसलो तर नवऱ्याची आई गुडघा घेऊन शेजारी. "पंगत उठू द्या, मग नीट दाखवते," म्हणाल्या.

एक पाहुणा तर जाताना म्हणाला, "पोरीकडचे लोक हुशार हायत. उन्हाळ्याचं लग्न म्हणून डॉक्टरची टीमच आणली."

*

आता निघायची वेळ. गाडी दारात लागली आणि नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पाठराखीण कोण येतीया?"

नवरीसोबत सासरी जाऊन दोन दिवस राहणारी बाई म्हणजे पाठराखीण. नवीन घरात तिला आपलं माणूस असावं म्हणून. रंग, खिसे, रजा या सगळ्या धामधुमीत ही गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. प्रज्ञाच्या आत्याला चालवत नव्हतं. काकूवर पाहुण्यांचं घर होतं. शबानाला आणि ज्योतीला दुसऱ्या दिवशी ड्यूटी, माझ्या मुलाचा पेपर. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दिवसभर न रडलेली प्रज्ञा खाली बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. जाते मी एकटी." आणि रडायला लागली.

तेवढ्यात रिक्षा थांबली. जोशी सिस्टर उतरल्या. ड्यूटी संपवून सरळ आलेल्या, अंगावर युनिफॉर्मची पांढरी साडी, हातात बॅग. म्हाताऱ्या बाईंनी एकदा पांढऱ्या साडीतल्या नवरीकडं पाहिलं, एकदा यांच्याकडं, आणि म्हणाल्या, "व्हय, ह्या घरच्याच दिसत्यात."

जोशी सिस्टर गाडीत शिरल्या. "सरक जरा," प्रज्ञाला म्हणाल्या, "आणि डोळे पूस, काजळ साडीवर येतंय." गाडी गंगापूरला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलाचा पेपर झाल्यावर वॉर्डात आले आणि रजेची फाईल उघडली. आमच्या तीन अर्जांच्या खाली चौथा अर्ज होता. तारीख बघितली तर आमच्या अर्जांच्या आदल्या दिवसाची.

'कारण : पाठराखीण म्हणून जाणे. दोन दिवस.'

खाली त्याच हस्ताक्षरात, लाल शाईत, 'नवरीशी नाते काय? खुलासा करावा.'

त्याच्याखाली, निळ्या शाईत, 'थोरली बहीण.'