बिघडलंय, या बघू

तावडे मेस्त्री गेल्याचं मला संग्रहालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ‘मेस्त्री गेले’, त्याखाली ओळीने जोडलेले हात, आणि त्या हातांच्या मधोमध कंत्राटदाराचा निरोप: ‘काच आली आहे, कुठे उतरवू?’ कुणालाच त्यात काही खटकलं नाही. पाच आठवडे झाले, माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात... मला ते जमणार नाही.

मेस्त्री मूळचे मालवणचे, राहायला दिंडोशीला. जन्मभर मरोळच्या कारखान्यात लोखंड कातणारे टर्नर होते. निवृत्त झाल्यावर अंधेरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या बालसंग्रहालयात आले आणि त्यांनी दातेरी चाकांची एक भिंत बांधली. एक चाक फिरवलं की सगळी भिंत फिरायची. पोरं त्या चाकांना लटकायची, आठवड्याला काहीतरी मोडायचंच. मी तिथली शिक्षिका, “हळू, हळू” ओरडत धावायचे. मेस्त्री म्हणायचे, “मोडूंदे गो बाय. मोडल्याबिगर पोरांका कळतला कसा?”

त्यांची दुरुस्ती कधी बंद दाराआड झाली नाही. मोडलेल्या वस्तूवर ते पुठ्ठ्याची पाटी अडकवायचे, ‘बिघडलंय. या, बघू.’ मग चार वाजता पोरांच्या घोळक्यात बसून ती वस्तू उघडायचे. काढलेला स्क्रू खाली ठेवायचा नाही, एखाद्या पोराच्या तळहातावर द्यायचा. स्क्रू परत बसेपर्यंत ते पोर मूठ आवळून उभं. आईने हाक मारली तरी हलायचं नाही. एवढी जबाबदारी त्या पोरांवर आधी कुणी टाकलेलीच नसायची.

मग संग्रहालय वाढवायचं ठरलं. शेजारची जागा मिळाली, नवे वर्ग, नवी प्रदर्शन-दालनं. मेस्त्रींइतका आनंद कुणालाच झाला नसेल. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर पेन्सिलीने चित्रं काढून आणायचे. पाण्याची चक्की, पोरांनीच जोडायचा पूल, आणि मधोमध दुरुस्तीचं मोठं टेबल. संचालक मंडळाच्या बैठकीत ती कॅलेंडरं कुणी उलटूनही पाहिली नाहीत. टेबलामुळे धूळ होते, आवाज होतो, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून टेबल रद्द. चाकांची भिंत मात्र ‘आपला वारसा’, म्हणून ती काचेत! मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मंडळ मला नव्या विभागाची प्रमुख करणार होतं. मी चहाच्या कपात बघत बसले. बाकीच्यांवर मी हवी तेवढी आगपाखड करीन, पण त्या खोलीत पोरांच्या बाजूने बोलू शकणारी एकटी मी होते आणि माझीच दातखीळ बसली.

त्यानंतर मेस्त्री आले नाहीत. मी एकदा घरी गेले, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. म्हणाले, “काचेत ठेवूक ती काय मिठाई आसा?” आणि हसले. मला तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना त्यांनी उशाखालून ती पुठ्ठ्याची पाटी काढून माझ्या हातात दिली.

नव्या दालनातच शोकसभा झाली. भिंतीवर काच, काचेवर त्यांचा हार घातलेला फोटो, खाली चकचकीत पाटी, ‘कृपया स्पर्श करू नये’. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “त्यांचं काम आपण जिवापाड जपलंय.” जपलंय? अहो, जिवंतपणी त्या माणसाला बसायला टेबल ठेवलं नाहीत तुम्ही! हे मी मोठ्याने बोलले. एक बाई कुजबुजल्या, “हिला काय झालं?” व्हायचं ते बैठकीतच व्हायला हवं होतं.

काल दुपारी मी ती पाटी काचेवर अडकवली आणि चार वाजता मेस्त्रींचा संग्रहालयातच राहिलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसले. पोरं जमली. नोकरीचं काय होईल ते होवो. एक मुलगी काचेला नाक लावून आतली चाकं बघत होती.

“टीचर, काय बिघडलंय? चाकं तर चांगली आहेत ना?”

“चाकं चांगलीच आहेत. काच बिघडलीय,” मी म्हटलं आणि पहिला स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला.

तिने मूठ घट्ट मिटली. “परत कधी लावायचा?”

“हा परत नाही लावायचा,” मी म्हटलं. “हा तुझ्याकडेच ठेव.”