वस्ती आढळली नाही

शैलजाबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी करंजाच्या बंदरावर सुक्या बोंबलांवरून एका कोळणीशी हुज्जत घालत होतो. पावसाळ्याची बेगमी करायची तर मे संपायच्या आत करंजाला जाऊन यायचं, हा आमच्या आगरी घरांतला जुना नेम. मागे लिलावाचा कालवा चालला होता आणि त्यात फोन वाजला. कातकरीवाडीतली ताराबाई वाघे बोलत होती. "साहेब, बाई गेल्या. सकाली करवंदं द्यायला गेले, तं दार उघडीनात. शेजारच्यांनी उघाडलं... निजल्या जागीच गेल्या." मी फोन खिशात ठेवला आणि नुसता उभा राहिलो. कोळणीनं विचारलं, "काय झाला, दादा? कोन गेला?" काय सांगणार? बाई माझ्या नात्यातल्या नव्हत्या, मला कधी शिकवलं नव्हतं, जातीच्या नव्हत्या, गावच्या नव्हत्या. "माझ्या चुका काढणारी एक बाई होती," मी म्हणालो. "मंग घरचीच म्हना की," ती म्हणाली आणि तिनं बोंबील बांधून दिले. पनवेलला येईपर्यंत ते पुडकं मांडीवर होतं आणि मला रडू आवरत नव्हतं, हे साठी उलटलेल्या माणसानं सांगू नये, पण खरं आहे.

मी पाणीखात्यात ओव्हरसियर होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येतं आणि या गोष्टीतल्या चुका कचेरीपेक्षा माझ्याच जास्त आहेत. बाई पनवेलला कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, वडाळे तलावाजवळ एकट्या राहणाऱ्या. एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपायला पाच मिनिटं असताना, त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. हद्दवाढीत शहरात आलेल्या, डोंगराच्या पायथ्याच्या कातकरीवाडीला नळ का मिळत नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी फाइल काढली आणि रुबाबात शेरा वाचून दाखवला : 'प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी वस्ती आढळून आली नाही.' खाली सही माझी. पुढच्या प्रत्येक वर्षी 'मागील अहवालाप्रमाणे' एवढे दोन शब्द, खाली पुन्हा माझीच सही. बाईंनी चष्मा पुसला. "पाहणीला कधी गेला होतात?" मी म्हणालो, "फेब्रुवारीत. मार्चअखेरच्या आत सगळं उरकावं लागतं." "म्हणजे खोटं नाही लिहिलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. "पण खरंही नाही लिहिलंत." मग मी बसा म्हणण्याची वाट न बघता त्यांनी खुर्ची ओढली आणि मला अमेरिकेची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या एका शहराची नगरपालिका, हा बाईंच्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंध कधी पुरा झाला नाही. आधी आईचं आजारपण आलं, मग मार्गदर्शक वारले, मग तिकडे जायचं राहूनच गेलं. पण त्या शहराचे जुने छापील अहवाल मुंबईच्या ग्रंथालयांत बसून त्यांनी वर्षानुवर्षं उतरवून घेतले होते. कुठल्या गल्लीत पंप होता, कुठली गटारं तुंबायची, कचरा उचलायला माणसं नव्हती म्हणून रस्त्यांवर डुकरं कशी मोकाट सोडलेली असायची, हे त्या काल भाजी आणायला तिकडूनच जाऊन आल्यासारखं सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी मला दिव्यांची गोष्ट सांगितली. तिकडच्या बऱ्याच शहरांत तेव्हा रस्त्यावरच्या दिव्यांचं वेळापत्रक तिथल्या पंचांगावरून ठरायचं. ज्या रात्री चंद्र असणार असं कागदावर छापलंय, त्या रात्री दिवे लावायचेच नाहीत. मग आभाळ कितीही भरून येवो, लोक अंधारात ठेचकाळत जावोत. कागदावर उजेड आहे म्हणजे रस्त्यावरही उजेड आहे. मी म्हणालो, "बाई, अमेरिकेचं अमेरिकेत ठेवा. आमच्याकडे दिवे रोज लागतात." बाई म्हणाल्या, "दिवे रोज लागतात. पाहणी मात्र कॅलेंडर बघून होते." बाजूच्या टेबलावरचा कारकून हसला. मला त्या बाईचा असा संताप आला की त्या टेबलावर ठेवून गेलेला वाडीच्या नळाचा अर्ज मी ढिगाच्या सगळ्यात खाली सरकवला.

तो तिथं राहिला असता. पण रविवारी सकाळी बाई रिक्षा घेऊन माझ्या दारात. "म्हात्रेसाहेब, चला. तुमची हरवलेली वस्ती दाखवते." 'साहेब' हा शब्द त्या असा काही उच्चारायच्या की शिवी बरी वाटावी. माझी बायको दारातच उभी होती; तिच्यासमोर नाही म्हणता येईना. कर्जतकडच्या रस्त्याला एका वीटभट्टीवर आम्ही उतरलो. दिवाळी झाली की ट्रक येतो, वाडीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याच मिठागरावर बापाच्या वेळेला कातकऱ्यांची माणसं कामाला असायची, पावसात कुठे जातात हे कुणी विचारलं नव्हतं. भट्टीशेजारी विटांच्याच रचलेल्या बुटक्या खोपटांची रांग होती. एका खोपटाला मात्र चांगलं लाकडी दार टेकवलेलं होतं आणि त्यावर खडूनं नव्हे, तेलरंगानं आकडा लिहिलेला : सात. दवाखान्याच्या लसवाल्या बाईनं वाडीतल्या घरांवर आकडे घातले होते, त्यातला हा सात. राहतं घर मोकळं टाकून जायचं तर दार कोण चोरून नेईल याचा नेम नाही, म्हणून ताराबाई दरवर्षी दार काढून बरोबर घेऊन जायची; बाकीचे आपापली दारं काढून कुणाच्या तरी ताब्यात देऊन जायचे. मी फेब्रुवारीत बघितली ती बिनदारांची, बिनमाणसांची कुडाची घरं होती. ताराबाई हात धुऊन पुढे आली. बाईंनी माझी ओळख करून दिली, हेच ते पाहणीवाले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी आलाव तवा आमी हितं. आमी येऊ तवा तुमी नसताव. मंग भेट कशी व्हनार?" त्यात राग नव्हता, आणि त्याचाच मला त्रास झाला. एक सही करताना मी इतक्या माणसांना नाही म्हणून टाकलं होतं आणि मला एक दिवससुद्धा झोप कमी आली नव्हती. मला लाज वाटली.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. नवीन पाहणी पावसाळ्यात करा, असा अर्ज कुणीही देऊ शकत होतं. पण जुना शेरा फाइलीत असेपर्यंत तो अर्ज पुढे सरकत नव्हता. जुना शेरा चुकला, असं ज्यानं तो लिहिला त्यानंच लिहून द्यायला हवं होतं. म्हणजे मी. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, बढतीची यादी निघायची होती. वरिष्ठ म्हणाले, "म्हात्रे, कशाला उकरताय? गप राहा. पुढचा येईल तो बघेल." बाईंनीही मला एकदासुद्धा लिही म्हणून सांगितलं नाही. आठवड्यातून एकदा कचेरीत यायच्या, समोर बसायच्या आणि त्या शहरातलं काहीतरी सांगायच्या. कधी डुकरांचं, कधी आगीचं. तिकडे म्हणे आग विझवायला स्वयंसेवकांच्या टोळ्या असायच्या, आणि आग लागली की पाण्याचा नळ आधी कुणी धरायचा यावरून त्यांची अशी हाणामारी जुंपायची की तिकडे घर जळून जायचं. मी हसायचो आणि घरी गेल्यावर जेवण जायचं नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "चुकलाव तं चुकलाव म्हना ना. तोंड काय झिजतंय?" दुसऱ्या दिवशी मी चार ओळी लिहिल्या : माझी पाहणी चुकीच्या ऋतूत झाली, तिथे वस्ती आहे, ती कामासाठी सहा महिने बाहेर असते, माझा शेरा रद्द समजावा. मला कारणे दाखवा नोटीस आली. बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "वाईट झालं. चहा घ्या." बाईंचा चहा म्हणजे कोमट गोड पाणी, तोही मी मुकाट प्यालो.

श्रावणात पाहणी झाली. एका तरुण इंजिनिअरला घेऊन बाई, मी आणि ताराबाई चिखल तुडवत घरोघर फिरलो, आणि दार आपापल्या जागी असलेली ती वाडी मी पहिल्यांदा पाहिली. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब, आणि इथे तर सहा महिन्यांची वर्षं झाली. पाहणी झाली तर नकाशा नाही, नकाशा झाला तर मंजुरी नाही. मी निवृत्त झालो आणि बाईंचा बिनपगारी कारकून झालो. बाई सोप्या माणूस नव्हत्या, हे लिहिलं पाहिजे. गेलेल्या माणसाला उगाच देव्हाऱ्यात बसवलेलं त्यांनाच आवडलं नसतं. दुसऱ्याचं वाक्य त्या पुरं होऊ देत नसत. ठरलेल्या बैठकीला वाडीतली माणसं आली नाहीत, खेकडे धरायला गेली, तर चार दिवस रागावून बसायच्या. नळ कुठे बसवायचा यावरून तर मोठंच झालं. बाई म्हणाल्या, वाडीच्या मधोमध. त्यांच्या त्या अमेरिकेतल्या शहरात एका शहाण्या अधिकाऱ्यानं म्हणे तसंच केलं होतं. ताराबाई म्हणाली, "मधी नको, बाई. भांडनं व्हतील." बाईंनी ऐकलं नाही. नळ मधोमध आला आणि पहिल्याच आठवड्यात दोन आळ्यांत हंड्यांनी मारामारी झाली, एकीच्या डोक्याला टाके पडले. "बाई, तुमीच नं आमाला ती आगीची गोष्ट सांगितली व्हती?" ताराबाई म्हणाली. बाई मोठ्यानं हसल्या आणि दुसऱ्या दिवशी नळ कडेला हलवायचा अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. तो अर्ज मात्र महिन्यात मंजूर झाला. कचेरीतले लोक बाईंना पुन्हा पायरी चढू द्यायला कंटाळले असावेत.

ताराबाईच्या वाडीत पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी नारळ फोडायला कुणी पुढारी येणार होते, ते आले नाहीत. ताराबाईनं हंडा भरला, घरी गेली आणि दुसरा हंडा घेऊन आली. मला वाटलं, बाई आता सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी पिशवीतून कागद काढला. तळोजाच्या बाजूच्या टेकडीखाली आणखी तीन वाड्या, तिन्हींच्या फाइलींत तोच शेरा, वेगवेगळ्या सह्यांनी. "या सह्या करणाऱ्यांतले दोघं वारले," मी म्हणालो, "चूक कबूल कोण करणार?" त्या म्हणाल्या, "त्याचा रस्ता काढू. आधी माणसं लिहून काढू. येत्या श्रावणात." तो श्रावण आता आला, आणि बाई नाहीत. त्यांच्या भाच्यानं पुस्तकं ग्रंथालयाला दिली, प्रबंधाचे गठ्ठे मला दिले. ते मी नीट बांधून ठेवलेत. इंग्रजी असल्यानं मला फारसे कळत नाहीत. मला बाईंची फार आठवण येते. पण नुसत्या आठवणीनं कुणाला पाणी मिळत नाही, हेही मला त्यांनीच शिकवलं. म्हणून गेल्या रविवारी, गुडघे दुखत असताना, मी ताराबाईला घेऊन त्या तिन्हींतल्या पहिल्या वाडीवर गेलो.

बाईंची एक सवय होती. कुठल्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या. तहान असो-नसो, त्या घरातलं पाणी पिऊन झाल्यावरच वही उघडायच्या. "माणसं काय पितात ते कळल्याशिवाय काय लिहिणार?" मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर फिरलो, पण माझी बाटली माझ्या पिशवीत असायची. त्यांनी ते पाहिलं होतं आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. रविवारी पहिल्याच घरी मी बाटली पिशवीतच राहू दिली. म्हातारीनं तांब्या दिला. पाणी गढूळ होतं, त्याला मातीचा आणि कुठल्यातरी रसायनाचा वास होता. मी ते प्यालो. हे पाणी इथली पोरं रोज पितात, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला घशात कळलं.

वही उघडली तेव्हा आजूबाजूची माणसं गोळा झाली होती. कुणी कागद घेऊन आलं की घरं पाडायला आलं, असा त्यांचा अनुभव. म्हातारीनं ताराबाईला विचारलं, "हा कोन गं?" मी तोंड उघडायच्या आधीच ताराबाई बोलली.

"आमच्या वाडीत मानसं नाय म्हून यानंच लिवलं व्हतं," ती म्हणाली. "आता हाय म्हून लिवत फिरतो. सांग, तुजं नाव काय, ते सांग त्याला."

म्हातारीनं नाव सांगितलं. मी ते लिहिलं आणि तिला पुन्हा वाचून दाखवलं.